महामारीच्या काळातील अरबी विनोद आणि व्यंगचित्रे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या कार्यवाहांनी व्याख्यानाचा विषय दूरध्वनीवरून विचारला, तेव्हा आम्ही तो सांगितला आणि पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग त्यांनी हळूच विचारले, "अरबी? म्हणजे साहेब, आपल्याकडचे नाही का काही?" त्यांची शंका रास्त होती. महाराष्ट्रापासून इतक्या दूर पन्नास वर्षे मराठी जपणाऱ्या संस्थेच्या उत्सवात गडकरी, अत्रे आणि पु. ल. यांना बाजूस सारून कोणी कैरो आणि अम्मानच्या व्यंगचित्रांविषयी बोलू लागला, तर श्रोत्यांनी घड्याळाकडे पाहिले तरी ते क्षम्य ठरावे. तेव्हा आधी खुलासा करणे प्राप्त आहे.

२०२० सालच्या मार्चमध्ये आपण सारे घरांत कोंडले गेलो, त्या वेळी आमचा एक भाचा कुवेतमध्ये नोकरीस होता. त्याच्या कचेरीत शेजारच्या मेजावर एक मिसरी गृहस्थ बसत. कचेरी बंद झाली तरी दोघांचा भ्रमणध्वनीवरील स्नेह बंद झाला नाही. ते गृहस्थ भाच्यास रोज एखादे अरबी व्यंगचित्र किंवा चुटका पाठवीत, इंग्रजीत त्याचा अर्थ सांगत, आणि भाचा तो मराठीत करून रात्री आमच्याकडे रवाना करी. खाली लिहिलेले असे, "मामा, हसू आले नाही तर कळवा, उद्या पुन्हा विचारून सांगतो." पुष्कळदा हसू येत नसे. पण कुतूहल लागले आणि त्या कुतूहलापायी आम्ही जे मिळेल ते वाचीत गेलो. आम्हांस अरबी येत नाही. पदवीपरीक्षेस इतिहास घेतला होता, एवढेच भांडवल. तेव्हा पंडिताचा आव आम्ही आणणार नाही.

दुसरे कारण थोडे खाजगी आहे. उपहासाविषयी बोलणारे बहुधा उपहास करणाऱ्यांच्या बाजूचे असतात. आम्ही केंद्र सरकारच्या सेवेत उभे आयुष्य काढले, परिपत्रके काढली, म्हणजे ज्यांच्यावर चित्रे काढली जातात त्यांच्या बाजूस आम्ही बसलो होतो. त्या खुर्चीवरून हा विषय कसा दिसतो, तेही सांगावे असे वाटले.

प्रथम शब्दांविषयी. मिसरी बोलीत चुटक्याला 'नुक्ता' म्हणतात आणि तेथील माणूस स्वतःस अभिमानाने 'इब्न नुक्ता', म्हणजे चुटक्याचा पुत्र, म्हणवितो. काठीच्या टोकाने जमिनीवर ओरखडा काढणे, असा त्या शब्दाच्या मुळाशी अर्थ आहे. उत्तरेकडे आपण रोज ऐकतो ती 'नुक्ताचीनी' याच नुक्त्याची. विनोदी माणसाचे रक्त हलके आणि रटाळ माणसाचे रक्त जड, असेही ते म्हणतात. आणि आपली मराठी? 'मस्करी' हा शब्द आपण अरबीतूनच घेतला. 'नक्कल' तिकडचीच. 'तमाशा' हा शब्दही अरबीतून फारसीत व फारसीतून आपल्या दारी आला. थट्टा करावयास लागणारी एवढी सामग्री ज्यांच्याकडून आपण उसनी घेतली, ते लोक स्वतः हसत नसतील हे संभवत नाही. तरी अरब म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तेल, वाळवंट आणि कपाळावरील आठी एवढेच येते, हे कबूल केले पाहिजे.

खरे पाहता बसऱ्याच्या अल-जाहिजने नवव्या शतकात कंजुषांवर एक अख्खा ग्रंथ लिहिला. आपण ज्याला मुल्ला नसरुद्दीन म्हणून ओळखतो, त्याच्या कित्येक गोष्टी अरब मुलुखात जुहा या नावाने सांगितल्या जातात. चित्रांविषयीही गैरसमज आहे. अल-हरीरीच्या 'मकामां'त अबू झैद नावाचा एक वाक्चतुर भामटा काझीपासून व्यापाऱ्यापर्यंत साऱ्यांना गुंडाळतो. त्या ग्रंथाची १२३७ साली अल-वासितीने रंगविलेली प्रत आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. तीतील मशिदी, बाजार, न्यायसभा आणि त्यांत तोंडे वासून बसलेली माणसे पाहिली की, पुढच्या व्यंगचित्रांचे पूर्वज सापडल्यासारखे वाटते.

पण आपला विषय साथीचा. १३४८-४९ साली काळ्या मृत्यूने कैरो, दमास्कस, हलब ही शहरे झोडपून काढली. इब्न बतूता त्या वर्षी दमास्कसमध्ये होता. मुसलमान, यहुदी आणि ख्रिस्ती लोक आपापले धर्मग्रंथ घेऊन, अनवाणी, एकत्र प्रार्थनेस निघाल्याचे त्याने नोंदविले आहे. ट्यूनिसमध्ये त्याच साथीत कोवळ्या वयाच्या इब्न खल्दूनचे आईबाप गेले. आणि हलब येथे इब्न अल-वर्दी नावाच्या विद्वानाने या साथीवर एक निबंध लिहिला. त्यातील गद्य यमकांनी बांधलेले आणि श्लेषांनी भरलेले आहे. साथ जणू एखादा विजयी राजा आहे, अशा थाटात तो तिची स्वारी वर्णन करतो; ती चीनमध्ये कशी शिरली, हिंदुस्थान आणि सिंध यांच्यावर कशी चालून आली, गाझा व दमास्कस कसे घेतले. मग तो हलबच्या लोकांकडे वळतो. ते वैद्यकाची पोथी उघडून बसले आहेत, घरात अंबर, कापूर आणि चंदनाचा धूर करीत आहेत, बोटांत माणकांच्या अंगठ्या घालीत आहेत, जेवणात कांदा, शिरका आणि खारे मासे घेत आहेत. हे वाचताना आम्हांस आमच्याच स्वयंपाकघरातील काढा, हळदीचे दूध आणि लसणाच्या पाकळ्या आठवल्या. जो मनुष्य हे लिहीत होता तो १३४९ साली त्याच साथीत मरण पावला. मृत्यू अंगणात आला असताना तो शब्दांशी खेळत होता, याला कोणी चंगळ म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. खेळावयास त्याच्याजवळ दुसरे काही उरले नव्हते.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. इब्न अल-वर्दी रोगाला हसला, लोकांच्या उपायांना हसला; ज्याच्या हाती राज्य होते त्याला या हसण्याने काही बोचले नाही. साथीच्या विनोदाचा हा पहिला मजला म्हणू. दुसऱ्या मजल्यावर चढावयाचे म्हणजे छापखाना हवा, आणि तो मिसरमध्ये एकोणिसाव्या शतकात आला. याकूब सनू या कैरोच्या यहुदी नाटककाराने १८७७-७८ च्या सुमारास 'अबू नद्दारा', म्हणजे 'चष्मेवाला', हे पत्र काढून खेदिव इस्माईलची टर उडविण्यास आरंभ केला. अल्पावधीत पत्र बंद झाले आणि चष्मेवाल्यास पॅरिस गाठावे लागले. तेथून तो चित्रांसह अंक काढी आणि ते मिसरमध्ये चोरून जात. पुढे १९२५ मध्ये फातिमा अल-यूसुफ या अभिनेत्रीने 'रोझ अल-यूसुफ' हे साप्ताहिक सुरू केले. सारूखान हा आर्मेनियन चित्रकार, सलाह जाहीन हा कवी-व्यंगचित्रकार अशी मोठी माणसे मिसरच्या व्यंगचित्रकलेने दिली. नासर यांच्यासारख्या लोकप्रिय नेत्यालाही १९६७ च्या पराभवानंतर, सैन्यावरचे विनोद आता आवरा, असे जनतेस जाहीरपणे सांगावे लागले होते.

अर्थात प्रत्येक साथीत अरब लेखक हसलाच, असे नव्हे. १९०२ च्या पटकीत ताहा हुसेन यांचा तरुण भाऊ गेला आणि त्या घरावर कोसळलेले दुःख त्यांच्या आत्मचरित्रात आहे. १९४७ साली मिसरमध्ये पटकीने सुमारे २०,००० माणसे मेली, तेव्हा दूर बगदादमध्ये नाझिक अल-मलाइका या कवयित्रीने लिहिलेली 'पटकी' ही कविता अरबी मुक्तछंदाच्या आरंभीच्या कवितांत गणली जाते. रडण्याचे रडणे तिकडे आहेच. हसणे त्याच्या शेजारी बसलेले असते, एवढेच.

आता अलीकडच्या दोन गोष्टी. त्या सांगितल्याविना २०२० चे हसणे नीट कळणार नाही.

पहिली कोफ्त्याची. २०१४ च्या फेब्रुवारीत मिसरच्या लष्कराने जाहीर केले की, एड्स आणि काविळीचा 'सी' प्रकार बरे करणारे यंत्र आपण शोधले आहे. त्या शोधाचे जनक म्हणविणारे सेनाधिकारी दूरचित्रवाणीवर म्हणाले की, मी रोग्याचा एड्स काढून घेतो आणि त्याचाच कोफ्ता करून त्याला खाऊ घालतो. कोफ्ता म्हणजे काय, हे या सभागृहात सांगावयास नको. त्या रात्रीपासून सारा देश कोफ्त्याचा चुटका सांगू लागला. बासेम यूसुफ या मूळच्या शल्यविशारदाने आपल्या गाजलेल्या कार्यक्रमात त्या यंत्राची यथेच्छ टर उडविली. राष्ट्राध्यक्षांच्या वैज्ञानिक सल्लागारांनीही हा विज्ञानाचा विपर्यास आहे असे उघड सांगितले. जून अखेरीस लष्कराने यंत्राचा वापर लांबणीवर टाकला. त्याच जूनच्या आरंभी यूसुफ यांचा कार्यक्रम मात्र कायमचा संपला होता. २०२० मध्ये नवा विषाणू आला तेव्हा मिसरी लोकांनी, आता त्या कोफ्तेवाल्यांना बोलवा, असा पुकारा केला. सहा वर्षांपूर्वीच्या दाव्याची उधारी अशी वसूल झाली.

दुसरी गोष्ट उंटाची. २०१२ साली सौदी अरेबियात कोरोनाच्याच कुळातील मर्स नावाचा रोग प्रथम ओळखला गेला. तो उंटापासून माणसाकडे येतो असा संशय बळावला आणि २०१४ मध्ये सरकारने उंटांपासून जपून राहा असे बजावले. बेदुइनाला उंटापासून दूर राहा म्हणणे म्हणजे आपल्या शेतकऱ्यास बैलाशेजारी उभा राहू नकोस म्हणण्यासारखे आहे. कित्येक उंटमालकांनी आपल्या जनावरांना मिठ्या मारून, त्यांची चुंबने घेऊन त्याच्या चित्रफिती जगभर पसरविल्या. आपणही त्या पाहून हसलो असतो. पण येथे हसणारे चुकले होते आणि सरकार बरोबर होते; मर्सचा विषाणू उंटांत आढळतो, हे आज निर्विवाद आहे.

या दोन गोष्टी आम्ही मुद्दाम शेजारी ठेवल्या आहेत. व्यंगचित्रकार नेहमी बरोबर आणि सरकार नेहमी चूक, असे मानणे आमच्या खुर्चीला तर परवडत नाहीच, पण ते खरेही नाही. लोक कोफ्त्याला हसले, कारण त्यांना खोटे ऐकवले गेले होते. ते उंटाच्या इशाऱ्याला हसले, कारण त्यांना पूर्वी इतक्यांदा खोटे ऐकवले गेले होते की खरे ओळखण्याची सवय मोडली होती. २००९ मध्ये डुकरांच्या तापाची साथ आली, तेव्हा मिसरने देशातील सुमारे ३ लाख डुकरे मारण्याचा हुकूम काढला. रोग माणसांकडून माणसांकडे पसरत होता, हे जागतिक आरोग्य संघटना सांगत असतानाचा हा प्रकार. कैरोचा ओला कचरा ती डुकरे खात. ती गेली आणि रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले. अशा अनुभवानंतर सरकारच्या शहाण्या सूचनेवरही कोणी चुटका रचला, तर त्याला दोष किती द्यावा?

आता २०२० कडे येऊ. आरंभीचे महिने पहिल्या मजल्यावरचे, म्हणजे रोगाला आणि स्वतःला हसण्याचे होते. आखाती देशांत भेटल्यावर नाकाला नाक लावण्याची रीत आहे. आरोग्यखात्यांनी ती सोडावयास सांगितली आणि चित्रकारांना आयते खाद्य मिळाले. मिसरमध्ये उपाहारगृहांतील हुक्का बंद झाला, तेव्हा रोगापेक्षा हुक्क्याचाच शोक अधिक झाला. घरात अडकलेला नवरा आणि त्याला भांड्यांकडे वळविणारी बायको हा विषय मराकेशपासून मस्कतपर्यंत चालला. तो आपल्याकडेही चालला, तेव्हा त्यावर अधिक बोलून घरी जाण्याची पंचाईत करून घेत नाही. युरोप-अमेरिकेत लोक शौचालयाच्या कागदासाठी दुकानांत हाणामाऱ्या करीत होते. त्या वेळी साऱ्या अरब जगताने आपल्या शौचालयातील पाण्याच्या नळीचा, 'शत्ताफा'चा, जयजयकार केला. टमरेलाच्या संस्कृतीत वाढलेल्या आम्हांस त्या जयजयकारात मनोमन सामील व्हावेसे वाटले, हे सांगावयास हरकत नाही.

शब्दांचे खेळही होतेच. अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत. ह, ज आणि र ही तीन अक्षरे 'हज्र' अशी वाचली तर अर्थ होतो विलगीकरण; 'हजर' अशी वाचली तर दगड. (आपल्या हजेरीपटातील 'हजर' निराळा, तोही अरबीच, पण दुसऱ्या धातूचा.) इब्न अल-वर्दीच्या वारसांना अशी भाषा हाताशी असताना आणखी काय हवे?

काही ठिकाणी मात्र हसणे आपोआप थांबले. कुवेतमध्ये मार्चच्या मध्यास मशिदी बंद झाल्या आणि बांगेतील 'नमाजास या' या हाकेच्या जागी 'आपापल्या घरी नमाज पढा' ही हाक देण्यात आली. भाच्याने ती ध्वनिफीत आम्हांस पाठविली. बांग देणाऱ्याचा गळा भरून आला होता. त्या दिवशी त्याने चुटका पाठविला नाही.

एप्रिलच्या सुमारास हसणे दुसऱ्या मजल्यावर चढू लागले. रोगावरून ते रोगाविषयीच्या सरकारी शब्दावर आले. जॉर्डनचे उदाहरण घेऊ. तेथे २१ मार्चला भोंगे वाजवून संपूर्ण संचारबंदी लागू झाली, इतकी की दुकानेही बंद. सरकार घरोघर पाव पोहोचविणार होते. बसगाड्यांतून पाव वाटण्याचा प्रयोग झाला, गर्दी उसळली आणि चार दिवसांत लोकांना पायी दुकानात जाण्याची मुभा द्यावी लागली. प्रशासनात काम केलेल्या कोणालाही या प्रयोगाची कीव यावी; कागदावर ती योजना निश्चितच सुबक दिसली असेल. तरी आरंभी रुग्ण थोडे राहिले आणि सरकारची वाहवा झाली. त्या भरात आरोग्यमंत्री म्हणून गेले की, विषाणू वाळला आणि मेला. पुढे शरद ऋतूत रुग्णांचा आकडा भराभर वाढू लागला, तेव्हा 'वाळला आणि मेला' हे दोन शब्द सबंध देशाने त्यांना परत केले.

पण त्याच देशात एप्रिलच्या १५ तारखेस एक आदेश निघाला होता: साथीविषयी लोकांत घबराट पसरेल असा मजकूर प्रसृत केल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास. अफवा रोखणे आवश्यक होते, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. अफवांनी माणसे मेली आहेत. परंतु घबराट कशाने पसरते हे ठरविणारा अधिकारी आमच्यासारखाच कोणी असणार, आणि त्याला स्वतःवरचे चित्र पाहूनही घबराट वाटू शकते, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

ज्यांच्याकडे उपहास करण्यासाठी धड सरकारही नव्हते, त्यांचे हसणे अधिक कोरडे होते. साऱ्या जगाने दारे लावून घेतली तेव्हा गाझाच्या नावाने एक ओळ सर्वत्र फिरली. तिचा आशय असा की, हे जगा, कोंडून राहणे कसे काय वाटते? २००७ पासून नाकेबंदीत असलेल्यांना हे विचारण्याचा अधिकार होता. सीरियाच्या इदलिब भागात बिन्निश नावाचे गाव आहे. तेथील अझीझ अल-अस्मर या चित्रकाराने बाँबहल्ल्यात पडलेल्या घरांच्या भिंतींवर कोरोनाची चित्रे काढली. छप्पर नसलेल्या घराच्या भिंतीवर साथीचे चित्र! या व्यंगाला चित्रकाराने वेगळे काही जोडण्याची गरज नव्हती. भिंतीनेच ते पुरविले होते.

आणि लेबनॉन. बैरूतच्या बंदराजवळ 'करंतीना' नावाचा मोहल्ला आहे. एकोणिसाव्या शतकात जहाजांवरील उतारूंना साथीच्या भयाने वेगळे ठेवण्याचे ठिकाण तेथे होते, त्यावरून हे नाव. २०२० च्या ४ ऑगस्टला बंदरातील गोदामात साठविलेल्या २,७५० टन अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला, २०० हून अधिक माणसे गेली आणि करंतीना उद्ध्वस्त झाला. विलगीकरणाचे नाव धारण करणारी वस्ती महामारीच्या वर्षात उद्ध्वस्त झाली, आणि तीही रोगाने नव्हे. त्यानंतरच्या लेबनीज चित्रांत हसू असे उरलेच नव्हते. आम्हांस मात्र त्या प्रकरणातील एक तपशील रात्री झोपू देईना. हा माल हलवावा म्हणून जकात अधिकाऱ्यांनी २०१४ ते २०१७ या काळात न्यायालयाकडे पुन्हा पुन्हा पत्रे पाठविली होती. कोणी तरी टिपणी लिहिली, कोणी तरी ती पुढे पाठविली, जावक क्रमांक पडला, आणि प्रत्येक सहीनंतर प्रत्येकाने सुटकेचा निःश्वास टाकला असेल. अशा सह्या आम्हीही केल्या आहेत. आमच्या नशिबाने आमच्या गोदामात कागदच होते.

सहीचा विषय निघालाच आहे. चुटका आणि व्यंगचित्र यांत आमच्या मते हाच मोठा भेद आहे. चुटक्याला बाप नसतो. तो कोणी रचला हे कैरोच्या पोलिसांनाही सांगता येत नाही. व्यंगचित्राच्या कोपऱ्यात मात्र नाव असते, आणि अरब जगतात त्या नावाची किंमत फार मोठी आहे. नाजी अल-अली या पॅलेस्टिनी चित्रकाराने १९६९ मध्ये हंझला नावाचा दहा वर्षांचा अनवाणी मुलगा निर्माण केला, जो आपल्याकडे पाठ करून, हात मागे बांधून उभा असतो. १९८७ च्या जुलैत लंडनच्या रस्त्यावर अल-अलीवर गोळी झाडली गेली आणि ऑगस्टमध्ये तो गेला. दमास्कसच्या अली फर्जातने तेव्हाचे अध्यक्ष बशर अल-असद यांची चित्रे काढली. २०११ च्या ऑगस्टमध्ये मुखवटे घातलेल्या माणसांनी त्याला पळवून मारहाण केली आणि त्याचे हात मोडले. हातच मोडले, हे लक्षात घ्यावे.

महामारीच्या वर्षीही हा हिशेब थांबला नाही. ट्युनिशियात एका तरुणीने मे महिन्यात फेसबुकवर एक मजकूर पुढे पाठविला. हात धुवा, अंतर ठेवा, हाच त्यातील उपदेश. पण त्याची मांडणी कुराणातील अध्यायासारखी होती. जुलैमध्ये तिला सहा महिन्यांची शिक्षा झाली. श्रद्धेचे विडंबन करावे की करू नये, यावर आपल्या सभागृहातही एकमत होणार नाही. आमचे मत विचाराल तर ते करू नये असेच आहे. परंतु हात धुवा म्हणणाऱ्या मुलीला सहा महिने तुरुंग, हे आमच्या मतातही बसत नाही. जॉर्डनचा इमाद हज्जाज हा तर नावाजलेला चित्रकार. त्याचा 'अबू महजूब' हा सामान्य जॉर्डनी माणूस तेथे घरोघर ठाऊक आहे. त्याला २०२० च्या ऑगस्टअखेर अटक झाली. चित्र साथीवर नव्हते, अमिराती आणि इस्रायल यांच्यातील करारावर होते. विषाणूची आणि संचारबंदीची चित्रे महिनोनमहिने चालली. मित्रदेशाच्या सत्ताधीशाचे एक चित्र चालले नाही. चार दिवसांनी तो सुटला.

ही अटकेची बातमी भाच्याने ज्या रात्री पाठविली, त्याच आठवड्यातील आमची हकीकत सांगून थांबतो.

आमच्या कचेरीत त्या काळात उपस्थितीविषयी परिपत्रके निघत. विषम क्रमांकाच्या दिवशी कोणी यावे, सम दिवशी कोणी, कोणत्या मजल्यावर किती माणसे असावीत, असा तो मजकूर. एका पंधरवड्यात चार परिपत्रके निघाली. प्रत्येक नव्याने आधीचे रद्द केले आणि चौथ्याने बहुधा पहिले पुन्हा जिवंत केले. सही आमची होती. एके सकाळी सूचनाफलकावर चौथ्या परिपत्रकाशेजारी एक चित्र टाचलेले आढळले. काटेरी गोळ्यासारखा विषाणू, नाकावर चष्मा, हातात आमचे परिपत्रक, तो डोके खाजवीत शिपायाला विचारतो आहे, "आज मी कोणत्या मजल्यावर जायचे?"

आम्हांस हसू आले नाही. आम्ही ते काढून खिशात घातले आणि अधीक्षकांना बोलावून, हे अक्षर कोणाचे याचा तपास करण्यास सांगितले. त्यांनी चार जणांच्या अक्षरांचे नमुनेही आणून ठेवले. रात्री घरी आलो तर भाच्याचा निरोप: "मामा, तो अबू महजूबवाला आठवतो ना? त्याला धरले." खाली मिसरी गृहस्थांनी या वेळी अर्थ सांगितलेला नव्हता. सकाळी आम्ही अक्षरांचे नमुने अधीक्षकांना परत दिले आणि पाचवे परिपत्रक काढले. ते एका पानाचे होते आणि पुढे डिसेंबरपर्यंत ते बदलावे लागले नाही.

चित्र कोणी काढले, हे आम्हांस कधीच कळले नाही. दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या मेमध्ये, आमच्या शाखेतील दोन माणसे गेली. त्या चार नमुन्यांपैकी एक नमुना त्यांतील एकाचा होता. तो फार कमी बोलत असे.

चित्राच्या कोपऱ्यात सही नाही. ते आम्ही आज सोबत आणले आहे. कार्यक्रम संपल्यावर ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी व्यासपीठाशी यावे. कागद जुना झाला आहे, तेवढा जपून हाताळावा, ही विनंती.